विमानाचं अंतर आणि वेळ काढायची असेल तर
अरे आधी कुठला एअरपोर्ट ते नक्की कर, नुसतं गोवा टाकू नको, तिथे दोन आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स, लांबच्या हिशेबात फरक किरकोळ पडतो म्हणा (गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणवाल्याला मोपाहून टॅक्सीचं बिल बघून तसं वाटणार नाही ती गोष्ट वेगळी).

आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजत बसू नको, पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. गूगल अर्थमध्ये रूलर (अंतर मोजायचं टूल) घे, मोपा ते लंडन गॅटविक साधारण ७,५५० किमी येईल. आकडा नॉटिकल मैलात दिसला तर १.८५२ ने गुण, किमी मिळतील.

आता वेळ. ताशी ८५० किमी धर, पावणेनऊ-नऊ तास येतात, त्यात चढण-उतरण, टॅक्सीइंगचा (विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत जातं-येतं त्याचा) अर्धा तास टाक. पण विमान काय त्या रेघेवरून जात नाही, बंद हवाई हद्दींना वळसा घालतं, वर पश्चिमेला जाताना जेट स्ट्रीमचा (खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा) वारा समोरून येतो, म्हणून जायला ज्यास्त वेळ, यायला कमी.

तिकिटावरच्या वेळा सरळ वजा करू नको हां, त्या दोन्ही लोकल असतात. समज हिवाळ्यात दुपारी १ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६ ला उतरलास, तर ५ तास नाही, लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून त्यात साडेपाच मिळव म्हणजे साडेदहा. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे, तेव्हा साडेचारच मिळवायचे.