बारावीनंतर बी.एस्सी. करावी की आयटीआयला जाऊन यंत्रकाम शिकावे?

बारावी सायन्सला ५८ टक्के मिळाले आहेत, सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या कामाची ओढ आहे, पण पदवी नसेल तर पुढे काही खरे नाही असे घरचे म्हणतात, ही तुमची अडचण. मी नाशिकच्या आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि आज नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत माझे जॉबवर्कचे, म्हणजे इतर कंपन्यांना सुटे भाग घडवून देण्याचे, छोटे युनिट आहे, म्हणून अनुभवातून लिहितो.

घरच्यांची भीती खोटी नाही. नोकरीत आठ वर्षे झाल्यावर सुपरवायझरची जागा निघाली, तेव्हा काम मीच ज्याला शिकवले होते त्याला ती मिळाली, कारण त्याच्याकडे पदवी होती आणि माझ्याकडे नव्हती. ते मला फार लागले. त्याच वर्षी मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातले. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे आणि नोकरी सांभाळून तिथली पदवी घेता येते. राज्यसेवेच्या परीक्षेलाही ती चालते. पदवी अशी मागाहून मिळवता आली, पण ड्रॉइंग वाचण्याची नजर आणि मायक्रोमीटर धरण्याची सवय मला नंतर तितक्या सहज लागली असती असे वाटत नाही.

मात्र आयटीआय म्हणजे नोकरीची हमी समजू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतात तेव्हा विद्यावेतन मिळते, परंतु मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. शिवाय या धंद्यात खरी दरी ऑपरेटर आणि सेटर यांच्यात आहे. मशीनवर जॉब (घडवायचा भाग) लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच करणारी ऑपरेटर मुले दहा-दहा वर्षे ठेकेदाराकडे त्याच पगारावर राहिलेली मी पाहतो, आणि मला त्याचे वाईट वाटते. उलट जो सेटर टूल बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातला फरक, मशीनला स्वतः देतो, पहिला जॉब मापात का आला नाही हे शोधतो आणि पुढे प्रोग्रॅम लिहू लागतो, त्याला मालक सहसा सोडत नाहीत. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, तेव्हा ही वाट बंद गल्ली नाही.

डॉक्टर, वकील किंवा शिक्षक व्हायचे असते तर मी विद्यापीठच सांगितले असते. केवळ पदवी असावी म्हणून, विषयाची आवड नसताना बी.एस्सी.ची तीन-चार वर्षे घालवणे मला पटत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळखीने पंधरा दिवस जा. कूलंटचा वास, आठ तास उभे राहणे आणि रात्रपाळी हे सोसूनही ओढ टिकली, तर एक दिवस वडिलांनाही तिथे घेऊन जा आणि मालकाशी त्यांचे बोलणे घडवून आणा.