‘काम येतं, पण उत्साहच राहिला नाही’

“मॅडम, काम मला येतं. पण आता पूर्वीसारखा उत्साह राहिला नाही. उत्साहच नसेल तर पुढे कसा जाणार?”

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणारी माणसं बदलतात, ही तक्रार बदलत नाही. कधी नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी असते, कधी निवृत्ती जवळ आलेले अधिकारी. मनातला क्रम सगळ्यांचा एकच: आधी उत्साह यायला हवा, मग काम चांगलं होईल आणि मग यश मिळेल. मला हा क्रमच मान्य नाही. का, ते एका गृहस्थांच्या निमित्तानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाळिशीतले, एका कंपनीच्या हिशेब विभागात. बढती दुसऱ्याला मिळाली आणि वर साहेबांनी सांगितलं, “तुमच्यात जरा जोश दिसू द्या.” तेव्हापासून रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ पाहणं आणि आरशासमोर उभं राहून ठरावीक वाक्यं म्हणणं सुरू झालं. त्याचा असर ऑफिसात खुर्चीवर बसेपर्यंत टिकायचा.

“मग काय होतं?”

“मग स्वतःचाच राग येतो. एवढं करूनही आतून काही वाटत नाही.”

“आणि काम?”

“ते होतं. रेटून नेतो.”

“म्हणजे उत्साह नसतानाही काम होतं, हे तुम्ही रोजच दाखवून देताय.”

हे त्यांना रुचलं नाही. “तसं यंत्रासारखं कुणीही करेल,” ते म्हणाले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा पिंड पोसला आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी ‘पाहिजेच’वर जातं. कामात रस वाटावा ही साधी इच्छा झाली. पण तो रोज सकाळी वाटलाच पाहिजे, नाहीतर मी संपलो, ही सक्ती झाली. कंटाळा एकटा आला तर माणूस निभावून नेतो. त्याला जोडून ‘मला कंटाळा येतोच कसा’ हा अपराधीपणा आला की कंबर मोडते. आमच्या पहिल्या काही भेटी ही सक्ती ढिली करण्यातच गेल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण खरी गंमत पुढे झाली.

एका भेटीत ते जरा वैतागूनच आले. उशीर झाला होता, कारण एका नवीन मुलीच्या हिशेबाचा बँकेशी ताळमेळ लागत नव्हता. मी सहज विचारलं, “मग लागला का?”

“लागला म्हणजे काय! फरक तीनशे साठचा होता. ती बिचारी एकेक व्हाउचर काढून बसली होती. मी म्हटलं, थांब, आधी नऊनं भागून बघ.”

“नऊनं का?”

त्यांनी माझी वही ओढली, माझंच पेन घेतलं आणि लिहायला लागले. रक्कम ७,६२३ आहे आणि कुणी चुकून ७,२६३ लिहिली, तर फरक ३६०. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊनं भाग जातोच. “म्हणून फरकाला नऊनं भाग गेला की आधी उलटसुलट पडलेले आकडे शोधायचे. मग सगळे कागद उपसावे लागत नाहीत. तुम्ही कुठलीही संख्या घ्या, मॅडम, घ्या ना!”

मी घेतली. भाग गेला. ते खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. ती मुलगी कशी चकित झाली, मग तिनं स्वतःच दुसरी चूक कशी पकडली, सगळं सांगून झालं. भेटीची वेळ टळून गेली होती. घड्याळ मला दिसत होतं, पण मी मुद्दामच थांबवलं नाही. अशा वेळी गप्प बसता येणं ही या व्यवसायातली कमाई आहे, असं मी मानते.

“हे करायला बसण्यापूर्वी उत्साह होता?”

“छे, डोकं फिरलं होतं. घरी निघालो होतो.”

“मग तो आला कधी?”

बराच वेळ त्यांनी त्या आकड्यांकडे पाहिलं. “भागाकार जमला तेव्हा... नाही, तिला समजलं तेव्हा.”

त्यांचं रोजचं काम याच्या अगदी उलट होतं. कागद तपासायचे, सही करायची, वर पाठवायचे. पुढे त्याचं काय झालं, कुणाला उपयोग झाला का, हे कधी कळतच नसे. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमा होणारी रक्कम, दोन्ही दुपटीच्या पुढे गेलं होतं. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. आपण करतो ते कुठे पोचतं, एवढंच दिसलं होतं.

म्हणून उत्साह हरवल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सांगते की मनाच्या परवानगीची वाट पाहू नका. अडलेलं काम वीस मिनिटांपुरतं हातात घ्या, मग हवं तर सोडा. बहुतेक वेळा सोडवत नाही. दुसरं, तुमचं काम ज्याच्या टेबलावर जातं त्याला एकदा जाऊन विचारा, ‘यातलं तुम्हाला काय उपयोगी पडतं?’ उत्तर कधीकधी ‘काहीच नाही’ असं येतं. तेही कळलेलं बरं, निदान तो रकाना भरणं तरी बंद करता येतं. आणि आठवड्यातलं एक तरी काम असं ठेवा, ज्यात पद्धत तुम्ही ठरवाल.

आमच्या गृहस्थांनी नवीन लोकांना महिनाअखेरचं काम शिकवण्याची जबाबदारी मागून घेतली. साहेबांनी आढेवेढे घेत दिली. त्या वर्षीही बढती झाली नाही. पुढच्या वर्षी विभागातल्या अंतर्गत प्रशिक्षणासाठी त्यांचं नाव साहेबांनीच सुचवलं. सोमवारचा कंटाळा अजून येतो म्हणाले, पण त्याची चौकशी करणं त्यांनी सोडलंय.

एक मात्र वेगळं काढते. फक्त ऑफिसातच नाही तर घरी, मित्रांत, आवडत्या छंदातही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वरचं काहीही करत बसू नका. तो नैराश्याचा आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि कामाच्या ठिकाणी रोज अपमान होत असेल किंवा पेलणार नाही इतकं ओझं लादलं जात असेल, तर उत्साह आटणारच. तिथे माणसाला दुरुस्त करायला जाऊ नये. आधी काम कमी करून मागावं, मिळालं नाही तर दुसरी नोकरी बघावी.