काडतूस घरी भरायचं, तर पैसा आधी कुठे घालावा?

रायफलचं काडतूस घरी पुन्हा भरण्याबद्दल, म्हणजे झाडलेल्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि बुलेट बसवण्याबद्दल, आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांना आधी प्रेस, म्हणजे हँडल ओढून केसवर दाब देणारं यंत्र, निवडायची असते. माझा आग्रह मात्र मोजमापाच्या साधनांचा आहे, आणि तो पुढच्या उत्तरांतून वारंवार येईल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. काडतूस भरायला आणि पावडर, प्रायमर बाळगायला परवाना लागतो का, किती साठा चालतो, हे जिथे राहता तिथल्या कायद्यात पाहून घ्या. कायद्याची मुभा नसेल तिथे यातलं काहीही विकत घेऊ नये.

प्रश्न : माझ्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे. महिन्याला शंभरेक काडतुसं लागतात. सिंगल स्टेज प्रेस घेऊ की थेट प्रोग्रेसिव्ह?

सिंगल स्टेज घ्या. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये हँडल एकदा ओढलं की तीन-चार केसेसवर एकाच वेळी वेगवेगळी कामं होतात : एकीत प्रायमर बसतो, दुसरीत पावडर पडते, तिसरीवर बुलेट बसते. नवशिक्याचं लक्ष एवढ्या ठिकाणी राहत नाही. सिंगल स्टेजमध्ये सगळ्या केसेसवर आधी एकच काम पूर्ण होतं, मग डाय (केसला माप देणारा किंवा बुलेट बसवणारा साचा) बदलायची. वेळ लागतो, पण प्रत्येक केस प्रत्येक टप्प्यावर हातातून आणि नजरेखालून जाते. महिन्याला शंभर काडतुसांसाठी हा वेग पुरेसा आहे.

ओतीव लोखंडाची, बंद चौकटीची प्रेस पसंत करा. समोरून उघडी चौकट हाताला सोयीची असते, पण हलक्या बनावटीत ती जोर आल्यावर किंचित वाकते. बहुतेक प्रेसना ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एका कंपनीची प्रेस आणि दुसऱ्या कंपनीच्या डाय सहसा जुळतात. केस प्रेसमध्ये धरून ठेवणारा शेलहोल्डर तिच्या बुडाच्या मापाचा लागतो; .३०८ चा शेलहोल्डर .२४३ विंचेस्टर आणि .३०-०६ या काडतुसांनाही चालतो. जुनी प्रेस मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या. रॅम (केस वर नेणारा दांडा) वर असताना हलवून पाहा, फार डुलत नसेल आणि आटे गंजलेले नसतील तर ती अनेक वर्षं चालेल. टेबल मात्र भक्कम हवं आणि प्रेस आरपार बोल्टने आवळलेली हवी.

प्रश्न : बजेट बेताचं आहे. तयार किट घ्यावं का? आणि तराजू साधा की इलेक्ट्रॉनिक?

किट वाईट नसतं. फक्त त्यात काय नाही ते आधी वाचा. डाय आणि शेलहोल्डर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. कॅलिपर (लांबी मोजायचं साधन), ट्रिमर (लांबलेली केस कापायचं साधन) आणि तपासणीची वजनं अनेक किटमध्ये नसतात. ही यादी जोडून किंमत काढा आणि मग ठरवा.

तराजूवर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि आपल्याला ग्रेनचा दहावा भाग, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक कळायला हवा. दांडीचा तराजू संथ असतो, पण त्याला वीज लागत नाही आणि तापमानाने तो फारसा भरकटत नाही. सपाट जागा आणि पंखा बंद, एवढंच त्याचं मागणं. इलेक्ट्रॉनिक स्केल झटपट आकडा देते. मात्र ती चालू करून काही वेळ तापू द्यावी लागते, आणि वाऱ्याची झुळूक किंवा शेजारी ठेवलेला मोबाइलही आकडा हलवू शकतो. बजेट बेताचं असेल तर मी दांडीचा तराजू घ्यायला सांगेन. कोणताही घ्या, पण तपासणीची वजनं सोबत घ्याच. स्केलबरोबर येणारं कॅलिब्रेशनचं वजन बरेचदा २० किंवा ५० ग्रॅमचं असतं, आणि .३०८ सारख्या काडतुसात पावडर पडते अडीच-तीन ग्रॅम. पन्नास ग्रॅमला बरोबर दाखवणारी स्केल तीन ग्रॅमलाही बरोबरच असेल असं गृहीत धरू नका. आपल्या चार्जच्या (एका काडतुसात टाकायच्या पावडरच्या) जवळपासचं वजन दर वेळी सुरुवातीला आणि मध्येमध्ये ठेवून पाहा.

पावडर मेजर वजनावर नाही, आकारमानावर टाकतो. गोल दाण्यांची बॉल पावडर त्यातून सारखी पडते; काडीसारखे लांबट दाणे अडकतात, कापले जातात आणि चार्ज कमीजास्त होतो. म्हणून मेजरने थोडी कमी टाकावी आणि उरलेली ट्रिकलरने दाणा दाणा करत तराजूवर पूर्ण करावी. स्वयंचलित डिस्पेन्सर ही नंतरची चैन.

आणि हो, लोडिंग मॅन्युअल हेही साधनच आहे. पावडर आणि बुलेट बनवणाऱ्यांची छापील मॅन्युअल्स घ्या, शक्यतो दोन. त्यातल्या सुरुवातीच्या चार्जपासूनच वर चढा, आणि केस, प्रायमर, बुलेट यांपैकी काहीही बदललं की पुन्हा खाली या. ओळखीच्या माणसाने सांगितलेला आकडा मॅन्युअलमध्ये सापडत नसेल तर तो वापरू नका.

प्रश्न : कार्बाइड डायला वंगण लागत नाही असं ऐकून तशीच डाय घेतली. दुसरीच केस आत अडकली. डाय सदोष आहे का?

डाय सदोष नसावी. वंगणाशिवाय चालतं ते पिस्तुलाच्या सरळ भिंतीच्या केसेसबाबत. रायफलच्या निमुळत्या, बाटलीसारख्या केसला कार्बाइड डायमध्येही वंगण लागतंच. अडकलेली केस काढायचा संच मिळतो : बुडाला भोक पाडून आटे पाडायचे आणि स्क्रूने केस ओढून घ्यायची. पुढच्या वेळी वंगण केसच्या अंगाला पातळ लावा. खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) जास्त झालं तर तिथे खळगे पडतात. साइझिंगनंतर (डायने केस मापात आणल्यावर) ते पुसून टाका.

डाय किती खोल बसवायची हाही याच प्रश्नाचा भाग आहे. डाय शेलहोल्डरला टेकवून वर आणखी आवळण्याची सवय केसचं आयुष्य खाते. कॅलिपरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजणारा जोड) घ्या, झाडलेल्या केसचा खांदा मोजा, आणि बोल्ट ॲक्शनसाठी तो ०.००१ ते ०.००२ इंचच मागे जाईल अशी डाय बसवा. खांदा दर वेळी जास्त मागे गेला की झाडताना केस बुडाच्या जरा वर ताणली जाते, आतून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसू लागतं. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की खाच बोटाला जाणवते. अशी केस चेपून भंगारात टाका.

प्रश्न : ट्रिमर खरंच लागतो का?

लागतो. प्रत्येक वेळी झाडल्यावर आणि साइझ केल्यावर पितळ मानेकडे सरकतं. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. त्यापुढे केस गेली तर तिचं तोंड चेंबरच्या (रायफलमधल्या काडतुसाच्या जागेच्या) टोकाला अडकून बुलेटला आवळू शकतं, आणि दाब धोकादायक वाढतो. हाताने फिरवायच्या साध्या ट्रिमरवर भागतं. कापल्यावर तोंडाची आतबाहेरची धार काढायला विसरू नका.

प्रश्न : लष्करी बनावटीच्या केसेसमध्ये नवा प्रायमर बसतच नाही.

जोर लावू नका. या केसेसमध्ये प्रायमर भोवतीची कड दाबून पक्का केलेला असतो. ती कड स्वेजरने दाबून किंवा रीमरने कापून काढावी लागते. त्याआधी केसच्या आत टॉर्च मारून पाहा. मधोमध एक भोक असेल तर केस बॉक्सर प्रकारची, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन प्रकारची. बर्डन केसमधला जुना प्रायमर साध्या डीकॅपिंग पिनने ढकलून काढायला गेलात तर पिन तुटेल, अशी केस बाजूला ठेवा. प्रायमर बसवायला मला हातातलं साधन आवडतं, कारण तो तळाला टेकल्याचं बोटांना समजतं. तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आतच हवा. हे काम करताना चष्मा घाला.

प्रश्न : केसेस चकचकीत करायचं यंत्र (टंबलर) घ्यावं का?

स्वच्छ हव्यात, चकाकी नसली तरी चालेल. सुक्या टंबलरच्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं, म्हणून तो राहत्या खोलीत चालवू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. ओला टंबलर धूळ उडवत नाही, पण केसेस पूर्ण वाळवाव्या लागतात. दोन्हींनंतर साबणाने हात धुवा. भरण्याच्या टेबलावर खाणंपिणं नको.

प्रश्न : बुलेट पुलर, म्हणजे बसवलेली बुलेट काढायचं साधन, घ्यावा का? चुका होऊ नयेत अशीच काळजी घेणार आहे.

पहिल्याच खरेदीत घ्या. लोडिंग ब्लॉकमध्ये केसेस ओळीने ठेवून, बुलेट बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीतली पावडरची पातळी पाहिली की रिकामी केस किंवा दुप्पट चार्ज बहुतेक वेळा तिथेच सापडतो. तरीही एखाद्या काडतुसाबद्दल शंका उरतेच, आणि पुलर हाताशी नसेल तर माणूस ते झाडून पाहतो. हातोडीसारखा पुलर स्वस्त असतो. त्यातून निघालेली पावडर नेमकी कोणती हे ठाऊक नसेल तर डब्यात परत ओतू नका. टेबलावर एका वेळी एकच पावडर असावी, ती मूळ डब्यातच राहावी, आणि काम संपल्यावर मेजरमध्ये उरलेली त्याच डब्यात परत जावी. डबा उघडताच आंबूस, झोंबणारा वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली तर ती पावडर खराब झाली आहे. ती वापरू नका.