वाचकांचे प्रश्न : प्रोग्रामर अध्यक्ष होतो तेव्हा

प्रश्न : निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता मुळात प्रोग्रामर होते आणि कंपनी अडचणीत आल्यावर त्यांनी नोकरकपात टाळून स्वतःचाच पगार कमी केला, असे ऐकले. हे खरे आहे का? अशा माणसाला एवढी मोठी कंपनी कशी सांभाळता आली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०११ साली थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या गेमयंत्राची किंमत बाजारात आल्यावर काही महिन्यांतच उतरवावी लागली, तेव्हा इवातांनी आपला पगार निम्म्यावर आणला. वी यू हे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र खपेना म्हणून २०१४ मध्ये पुन्हा तेच केले. तात्पुरता ताळेबंद सुधारण्यासाठी माणसे कमी केली, तर उरलेल्यांचे मनोबल खचते, असे त्यांनी भागधारकांना स्पष्ट सांगितले होते.

हा विचार त्यांच्या पूर्वायुष्यातून आला, असे मला वाटते. १९५९ मध्ये साप्पोरोत जन्मलेले इवाता विद्यार्थिदशेतच हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत अर्धवेळ काम करू लागले. पुढे ‘मदर २’ हा गेम वर्षानुवर्षे रखडला असताना मदतीला गेलेल्या इवातांनी निर्मात्यांना सांगितले, की आहे तेच दुरुस्त करायचे तर दोन वर्षे लागतील. मुळापासून लिहू दिले, तर सहा महिने पुरतील. मग आधी त्यांनी इतरांनाही आपापले काम पुढे नेता येईल अशी साधने तयार केली. १९९३ साली, सुमारे दीडशे कोटी येनच्या कर्जात बुडालेल्या हॅलचे अध्यक्षपद वयाच्या ३३व्या वर्षी त्यांच्याकडे आले, तेव्हाही त्यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेकटे भेटून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा परिपाठ ठेवला. घोडे कुठे अडले आहे हे आधी शोधायचे, ही प्रोग्रामरची सवय त्यांनी माणसांच्या बाबतीतही जपली. काही वर्षांत कर्ज फिटले.

२००२ मध्ये ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. कंपनी स्थापन करणाऱ्या यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. त्यांच्या काळातील वी हे यंत्र दहा कोटींहून अधिक खपले. २०१५ साली, अवघ्या ५५व्या वर्षी, आजाराने त्यांचे निधन झाले.

अध्यक्ष होण्याच्या आदल्या वर्षी, निन्टेंडोच्या नियोजन विभागाचे प्रमुख असताना, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा हॅलचा गेम वेळेत पुरा होत नाही असे दिसताच ते हॅलमध्ये गेले आणि सुमारे तीन आठवडे तिथल्या प्रोग्रामरांसोबत बसून चुका शोधत राहिले.