चेलो सोडून कंडक्टर व्हायचंय, तेही नव्या संगीताची

प्रश्न: मी २६ वर्षांची, ऑर्केस्ट्रात चेलो वाजवते. मला कंडक्टर, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवणारी, व्हायचंय, आजच्या संगीतकारांचं संगीत आणि ऑपेरा (गाऊन सादर होणारं नाटक) करायचाय. सगळे म्हणतात त्यात काय, नुसतं हात हलवून मोजत बसायचं, आणि आता उशीरही झाला. खरंय का?

उत्तर: उशीर अजिबात झालेला नाही गं. फिनलंडची सुझाना माल्क्की बघ, १९९५ ते १९९८ गोथेनबर्ग सिम्फनीत मुख्य चेलोवादक होती, ती पक्की नोकरी सोडून कंडक्टिंगकडे वळली आणि २००६ला पॅरिसच्या आन्साम्ब्ल अँतेरकोंतांपोरॅन या नवं संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाची म्युझिक डायरेक्टर झाली. २०११ला मिलानच्या ला स्काला या प्रसिद्ध ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा कंडक्ट करणारी पहिली बाई तीच, आणि ऑपेरा कुठला, तर आजच्या काळातल्या संगीतकार फ्रांचेस्कोनीचा नवाकोरा 'क्वार्टेट'!

आता मोजण्याचं. मोजावं तर लागतंच, पाच मात्रांचा बार (तालाचा एक भाग) आला की तो दोन-तीन असा मोजायचा की तीन-दोन हे घरीच ठरवून स्कोअरवर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या वहीवर, पेन्सिलने खूण करायची, कारण तिथे तुझा हात अडखळला की सगळेच अडखळतात. पण खरी मेहनत कानाची आहे. बेथोवन तर वादकांच्या अंगात मुरलेला असतो, तू चुकलीस तरी ते सांभाळून घेतात. नव्या रचनेचं रेकॉर्डिंगच नसतं, पहिल्या रिहर्सलला ते फक्त तुझ्या डोक्यात वाजत असतं, आणि दुसऱ्या क्लॅरिनेटचा सूर पाव स्वर उतरला तर तसं लिहिलंय की तो चुकलाय हे तिथल्या तिथे कळायला हवं. हा कान जुन्या संगीतावरच तयार होतो, म्हणून ते सोडू नकोस. नव्या संगीताचे फ्रेंच संगीतकार-कंडक्टर पिएर बुलेझनी १९७६ला माल्क्कीचा हाच आन्साम्ब्ल काढला आणि त्याच वर्षी जर्मनीत बायरॉइटच्या महोत्सवात वाग्नरचं अख्खं 'रिंग', म्हणजे चार ऑपेरांची जुनी मालिका, तीही कंडक्ट केली.

ऑपेरात तर गाणाऱ्यांना सगळं पाठ करून, चालत-पळत, कधी तुझ्याकडे पाठ फिरवून गायचं असतं, तेव्हा ते विंगेतल्या मॉनिटरवर तुझा हात बघतात. श्वास कुठे घेणार हे त्यांच्याबरोबर पियानोवर आठवडेच्या आठवडे बसूनच कळतं, त्यामुळे पियानो कच्चा असेल तर आजपासून बस, कारण ऑपेरा हाऊसमध्ये पुष्कळ जणांची सुरुवात रिहर्सलच्या पियानोवरच होते.

आणि ओळखीतलं कोणी कंपोज करत असेल तर सहा-सात वाजवणारे जमवून त्याचं दहा मिनिटांचं काहीतरी बसव, त्यालाही रिहर्सलला बसव आणि जे कळत नाही ते सरळ विचार. चेलो मात्र चालू ठेव, बो (वाजवायचा गज) कुठे बदलायचा हे स्ट्रिंगवाल्यांना, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारखी तारवाद्यं वाजवणाऱ्यांना, त्यांच्या भाषेत सांगता येणं फार उपयोगी पडतं.