जुन्या रो-हाउसचा जिना नवा करायचा आहे. मोझॅकवरच ग्रॅनाइट बसवलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला पंचवीसेक वर्षांचं रो-हाउस आहे, जिन्याला जुनं मोझॅक आहे आणि लोखंडी कठडा गंजलाय. फरशीवाला म्हणतो, तोडफोड नको, वरूनच काळं ग्रॅनाइट बसवून देतो. शिवाय जिना उभा वाटतो, तो जरा सोपा करता येईल का, असंही विचारलंय. घरात सत्तरीच्या आई आहेत. मी घरदुरुस्तीची कामं घेतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरून ग्रॅनाइट बसवू देऊ नका. निदान हे गणित फरशीवाल्यासमोर मांडल्याशिवाय तरी नकोच. ग्रॅनाइट साधारण १८ मिमी जाड येतं, खाली सिमेंट-वाळूचा मसाला २५ मिमी धरा. म्हणजे प्रत्येक पायरी ४३ मिमी वर येणार. मधल्या पायऱ्यांना काही होत नाही, कारण सगळ्या सारख्याच वर सरकतात. पण हॉलची फरशी जागेवरच राहते आणि वरच्या मजल्याचीही. आज पायरी ७ इंचांची, म्हणजे १७८ मिमी आहे असं धरलं, तर खालची पहिली पायरी २२१ मिमी होईल आणि वर पोचतानाची शेवटची १३५ मिमी. एक जवळपास पावणेनऊ इंचांची, दुसरी सव्वापाच इंचांची, आणि मधल्या सगळ्या सातच्या.

माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच मापाने पडत राहतो. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक असला तरी चवडा अडकतो. उतरताना तर जास्त धोका, कारण शेवटच्या पायरीला पाय अपेक्षेपेक्षा खोल जातो आणि सगळा भार पुढे पडतो. म्हणून जिन्याच्या कामात मी रंग आणि दगड नंतर बघतो, आधी टेप काढतो. तुम्हीही आजच मोजून ठेवा: प्रत्येक पायरीची उंची, भिंतीच्या बाजूला आणि कठड्याच्या बाजूला, दोन्हीकडे. जुन्या जिन्यात आकडे सारखे निघाले नाहीत तर नवल नाही. दुरुस्तीत ते सारखे करून घ्यायची हीच वेळ असते.

मग ग्रॅनाइट करायचंच असेल तर दोन वाटा आहेत. जुनं मोझॅक आणि त्याखालचा मसाला काँक्रीटपर्यंत काढायचा आणि नवा दगड जुन्याच पातळीला आणायचा. दगड आणि मसाला दोन्हींना जागा पुरत नसेल तर मसाल्याऐवजी टाइल अॅडहेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचं तयार मिश्रण वापरा, ते ५-६ मिमीत बसतं. फक्त खालचा पृष्ठभाग आधी सपाट हवा. नाहीतर हॉल आणि वरचा मजला, दोन्हीकडे तितक्याच जाडीची नवी फरशी करायची. ती करणार असाल तर जिन्याआधी तिची पातळी ठरवा.

आणि एक तिसरी वाट, जी मला स्वतःला सगळ्यांत आवडते. मोझॅक सुस्थितीत असेल तर तेच ठेवा. तुटलेल्या कडा भरून घ्या, हँड मशीनने घासून पॉलिश करा. जुनं मोझॅक काय सुंदर निघतं, हे घासल्याशिवाय कळत नाही. खर्च कमी, पातळी जशीच्या तशी. पॉलिश मात्र आरशासारखं नको, आणि कडेपासून इंचभर आत दोन खाचा मारून घ्या.

काळ्या चकचकीत ग्रॅनाइटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घरात नको. जिन्यात उजेड कमी असतो, आणि वरून बघताना काळी पायरी कुठे संपते आणि खालची कुठे सुरू होते ते दिसत नाही. पावसाळ्यात ओल्या पायांनी ते घसरतं ते वेगळंच. काळं हवंच असेल तर लेदर फिनिश, म्हणजे चकाकी नसलेलं, जरा खरखरीत घ्या आणि कडेला फिकट रंगाची पट्टी द्या. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी टू-वे बटणं नसतील तर भिंत फोडलेली असतानाच करून घ्या.

आता उभ्या जिन्याचं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरातल्या पायरीची उंची १९० मिमीपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल टेकायला किमान २५० मिमी जागा असावी. समजा खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट आहेत. ८ इंचांचे १५ चढ (पायरीची उभी उंची) आणि मध्ये ९ इंचांची १४ पावलं (पाय टेकायची आडवी जागा), तर जिना जमिनीवर साडेदहा फूट लांबी खातो. तोच ७ इंचांचा करायला १७ चढ लागतील, पावलं १० इंचांची धरली तर लांबी तेरा फुटांच्या पुढे जाते. हे पावणेतीन-तीन फूट कुठून आणणार? पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब आहे तोच राहिला तर उतारही तोच राहतो, वरून कितीही दगड बदला. स्लॅब तोडायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून दाखवा. गवंडी ‘होऊन जाईल’ म्हणाला म्हणून ब्रेकर लावू देऊ नका. लांबी वाढवायला जागा नसेल तर तो विचार सोडून द्या आणि पैसा कठड्यावर खर्च करा.

कारण आईंना खरा आधार कठड्याचाच आहे. हल्ली काचेवर रुंद लाकडी पट्टी टाकतात. दिसते छान, पण तिला मूठ बसत नाही. दीड ते दोन इंच व्यासाची गोल पकड घ्या, लाकडी असो वा स्टीलची. स्टील घेतलं तर ३०४ ग्रेडचं, स्वस्तातलं २०२ लवकर डागाळतं. पायरीच्या कडेपासून तीन फूट उंची ठेवा. आणि भिंतीच्या बाजूलाही दुसरा दांडा लावा, भिंतीपासून दोन इंच सोडून, शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर नेलेला. उतरणारा हात पाय जमिनीला टेकेपर्यंत धरलेला राहिला पाहिजे. नातवंडं असतील तर आडवे पाइप नकोत, मुलं त्यावर चढतात; उभ्या गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवा.

पायऱ्यांची संख्या विषम हवी म्हणून खाली एक बुटकी पायरी जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. विषम हवी असेल तर एकूण उंची विषम संख्येने भागून सगळ्या सारख्या करता येतात, पण ते नव्या जिन्यात.

काम चालू असताना वर-खाली करावंच लागेल. फरशीवाल्याला एकाआड एक पायरी बसवायला सांगा आणि अॅडहेसिव्हला २४ तास द्या. अशा कामात पातळी चुकायची शक्यता जास्त, म्हणून सुरुवातीलाच लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून प्रत्येक पायरीची तयार उंची भिंतीवर पेन्सिलने मारून घ्या आणि प्रत्येक पायरी बसल्यावर त्या खुणेशी ताडून बघा. जुना कठडा काढण्याआधी नवा तयार होऊन आलेला असू द्या. तेवढे दिवस आईंची झोपायची आणि औषधांची सोय खालीच करा.