डिसेंबरात अलिबागजवळ किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी पाहायचे असतील, तर कोणता दिवस आणि कोणती वेळ निवडावी?

डिसेंबरमधील कोणताही शनिवार-रविवार चालेल, असे वाटू शकते. पण माझी विनंती अशी की, वार ठरवण्याआधी पंचांगातील तिथी पाहावी. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात, तर संध्याकाळी समोरच्या उन्हात नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. शिवाय ओहोटीला पाणी फार मागे हटते आणि पक्षी दूरवरच्या ओल्या पुळणीवर पांगतात. भरती चढू लागली की तेच पक्षी पाण्याबरोबर आपल्याकडे सरकत येतात. म्हणून सकाळ आणि चढती भरती यांचा मेळ बसेल असा दिवस हवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: पक्ष कोणताही असो, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. अशा दिवशी सात-साडेसातला अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर असावे.

चिखल्या, तुतवार, सुरय हे किनाऱ्यावरचे पक्षी तेथे दिसतीलच, पण माझ्या मते खरा अभ्यास कुरवांचा, म्हणजे ‘सीगल’ पक्ष्यांचा आहे. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे दोन्ही कुरव हिवाळ्यात डोक्याचा रंग टाकतात, कानामागे तेवढा एक गडद ठिपका राहतो आणि बसलेले असताना नवख्याला ते सारखेच वाटतात. ते उडण्याची वाट पाहावी. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांची टोके काळी असून त्यांत ठळक पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरील सरोवरांकाठी वीण करून आपल्याकडे उतरतो, हे आठवले की त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. छायाचित्रासाठी थव्याच्या मागे धावू नये आणि मुलांनाही धावू देऊ नये. परतीच्या लांबच्या प्रवासासाठी या पक्ष्यांना इथेच चरबी साठवायची असते आणि प्रत्येक अकारण उड्डाणात ती खर्ची पडते. कोरड्या वाळूत बसून राहावे; ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, कारण चढते पाणीच थव्याला जवळ आणते.